गिऱ्हाईकाने न विचारलेला प्रश्न

गेल्या अंकात आम्ही मुंबईतल्या लहान व्यावसायिकांना विचारलं होतं, की काम चांगलं असूनही गिऱ्हाईक परत येत नाही, असं तुमच्याकडे नेमकं कुठे होतं? आलेल्या पत्रांत मालाच्या दर्जाबद्दल फारशी तक्रार नाही. अडचण असते ती मालाच्या अलीकडे किंवा पलीकडे: तारखेत, पिशवीत, झाकणात, वाट पाहण्यात. गिऱ्हाईक यांबद्दल आधी काही विचारत नाही आणि बिनसल्यावर बोलतही नाही, दुसरीकडे जातं. पत्रं संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न: मी लालबागला घरीच ब्लाऊज शिवते. माप काटेकोर घेते, शिलाई स्वच्छ असते. तरी दहातले तीन-चार ब्लाऊज दुरुस्तीला परत येतात. लग्नसराईत तर काही जणी काही न बोलता दुसऱ्या टेलरकडे जातात. कुठे चुकतंय?

माप बरोबर असेल, पण माप देताना बाई सरळ उभी असते आणि ब्लाऊज घातल्यावर ती उभी राहत नाही. ती वाकते, पाया पडते, लोकलची कडी धरते. म्हणून टेप ठेवण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. एक हात वर करायला सांगा आणि मुंढ्याजवळ व पाठीवर किती ताण येतो ते पाहा. मग स्टुलावर बसवून कंबरेचं माप पुन्हा घ्या. बसल्यावर ते अर्धा-पाऊण इंच वाढलेलं सापडतं. साडीखाली ज्या दिवशी जे अंतर्वस्त्र घालणार तेच घालून या, असं आदल्या दिवशीच कळवा. छातीच्या मापातला निम्मा घोळ इथेच मिटतो.

गळ्याचं माप शब्दांत घेऊ नका. ‘जरा खोल’ म्हणजे एकीसाठी सात इंच आणि दुसरीसाठी दहा. पाठीवर बोट टेकवा, ‘इथपर्यंत?’ असं विचारा, टेपने मोजा, आकडा लिहा आणि तो मोठ्याने वाचून दाखवा.

दुरुस्तीला परत येणाऱ्या ब्लाऊजांचं दुसरं मोठं कारण अस्तर. सुती अस्तर न भिजवता लावलं की पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि सगळा ब्लाऊज चुरगळल्यासारखा दिसतो. बाईला वाटतं शिलाई वाईट. अस्तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा. साडीच्या फॉललाही तेच. रेशमी ब्लाऊजपीस मात्र भिजवू नका, त्याची चमक जाते आणि डाग पडतात.

ब्लाऊजपीस गिऱ्हाईकासमोर पूर्ण उघडा. डाग, छिद्र, काठाची रुंदी, सगळं दोघींनी मिळून पाहायचं. पीस साधारण 80 सेंटिमीटरचा असेल आणि अंगाने भरलेल्या बाईला कोपरापर्यंत बाही हवी असेल, तर कापड पुरणार नाही हे तिथेच सांगा. कात्री लावल्यावर सांगितलं की ती तुमची चूक ठरते, जरी ती तुमची नसली.

दोन्ही बाजूंना किमान एकेक इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवा. पैसे वाचवायला कापड कातरून टाकणारे टेलर वर्षभराने गिऱ्हाईक गमावतात, कारण अंग बदलतं आणि ब्लाऊज उसवून सैल करता येत नाही. आतल्या शिवणीला एक चिठ्ठी टाचा: ‘माया 1 इंच, दोन्ही बाजू.’ पुढच्या वर्षी ती चिठ्ठी वाचून बाई तुमच्याकडेच येईल.

आता तारीख. ‘ब्लाऊज कधी हवा?’ असं विचारू नका. ‘कधी घालायचा आहे?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळ्या जणी ‘लवकर’ म्हणतात, दुसऱ्याला खरी तारीख मिळते. मग त्या तारखेच्या चार दिवस आधी ट्रायल आणि दोन दिवस आधी ताबा, अशा दोन तारखा पावतीवर लिहा. दिवसाला चार ब्लाऊज पुरे होत असतील तर तीनच घ्या. चौथ्याची जागा दुरुस्तीसाठी, वीज जाण्यासाठी, मशीनची सुई मोडण्यासाठी. मार्गशीर्षात आणि वैशाखात हा नियम मोडायचा मोह होतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत तो पाळावा लागतो. उशीर होणार हे कळलं की त्याच दिवशी फोन करा. ठरल्या दिवशी दारात आलेल्या बाईला ‘उद्या या’ सांगणं सगळ्यात वाईट. ती परळहून बसने आलेली असते.

एक वही ठेवा, बाईमागे एक पान. मापांबरोबर ‘काखेत घट्ट आवडत नाही’, ‘हूक पुढे’, ‘उजवा खांदा खाली’ असंही लिहा आणि प्रत्येक दुरुस्ती तारखेसह नोंदवा. ब्लाऊज देताना इस्त्री करून, हूक लावून, उरलेलं कापड आणि दोन जादा हूक छोट्या पाकिटात घालून द्या. उरलेलं कापड तिचं आहे. तिने न मागता ते मिळालं की पुढच्या वेळी ती महागाची साडी निर्धास्तपणे सोपवते.

प्रश्न: गिरगावात आम्ही गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेतो. यंदा एका घरी 21 ऐवजी 20 मोदक गेले आणि त्या काकूंनी फोनवर खूप ऐकवलं. एका मोदकाचे पैसे परत देतो म्हटलं तर त्या आणखी रागावल्या. असं काय झालं?

कारण तो एक मोदक नव्हता, तो नैवेद्य होता. 21 मधला एक कमी म्हणजे काकूंच्या दृष्टीने पूर्ण ताटच अडलं. पैसे परत देण्याची भाषा करून तुम्ही त्याला दुकानातला माल ठरवलंत. अशा वेळी पहिलं वाक्य पैशांचं नको. ‘नैवेद्य किती वाजता दाखवणार आहात?’ हे आधी विचारा. उत्तर ऐकून, वेळ असेल तर माणूस धावत पाठवा, नसेल तर तेही स्पष्ट सांगा. ‘मुलाने मोजलं, त्याचं चुकलं’ हे वाक्य तर तोंडातूनच निघू देऊ नका. संध्याकाळी मालकाने स्वतः जाऊन त्या मोदकाचे नव्हे, पूर्ण ऑर्डरचे पैसे परत करावेत. पुढच्या वर्षीची सवलत देऊ नका. ज्याचं आज बिघडलं त्याला पुढच्या वर्षीचं आमिष खुपतं.

पण खरी दुरुस्ती मोजणीत आहे. चतुर्थीच्या सकाळी फोन वाजत असतात, वाफ डोळ्यांत जाते, आणि माणूस बाराव्या मोदकापाशी आकडा विसरतो. म्हणून मोजूच नका. सात-सातच्या तीन ओळी बसतील असे खोके आणि ट्रे घ्या. जागा रिकामी दिसली की मोदक कमी आहे, हे अक्षर न येणाऱ्यालाही कळतं. आणि प्रत्येक 21 मागे एक मोदक वेगळ्या द्रोणात जादा द्या, वर लिहून: ‘प्रवासात एखादा फुटला तर.’ एवढ्या खर्चात घरच्या बाईचा जीव भांड्यात पडतो.

मोदक फुटतात ते बहुधा तुमच्याकडेच, रस्त्यात नाही. पिठी आणि पाणी वाटीला वाटी हे प्रमाण धरा, नव्या तांदळाच्या पिठीला पाणी किंचित कमी. उकड गरम असतानाच पाण्याच्या आणि तेलाच्या हाताने मऊ मळली नाही, तर कळ्या चिरतात. चाळणीत ठेवण्याआधी प्रत्येक मोदक पाण्यातून काढा, म्हणजे पारी कोरडी पडत नाही. 10 ते 12 मिनिटं वाफ पुरे. त्याहून जास्त ठेवले की सारणातला गूळ पाझरतो आणि बूड ओलं होऊन चिकटतं.

चाळणीतून काढल्यावर दहाएक मिनिटं ओलसर मलमलखाली वाफ जिरू द्या आणि मग केळीच्या पानावर, एकाच थरात भरा. एकावर एक रचले तर वरच्याच्या वजनाने खालच्याचं टोक बसतं. खोक्याच्या झाकणाला दोन-तीन भोकं हवीत. साजूक तूप वेगळ्या छोट्या डबीत. खोक्यावर चिठ्ठी: ‘आजच खावेत. गरम करायचे तर 4-5 मिनिटं वाफेवर. मायक्रोवेव्हमध्ये पारी वातड होते.’ कांदा-लसणाचा स्वयंपाक त्याच ओट्यावर होत नाही, हेही त्यात एका ओळीत लिहा. नैवेद्याचा पदार्थ घेणाऱ्याला हा प्रश्न असतोच, विचारायला संकोच वाटतो.

वेळ देताना ‘सकाळी’ नको, ‘साडेदहा ते अकरा’ म्हणा. मूर्ती आणायच्या आणि विसर्जनाच्या दिवशी गिरगावातल्या गल्ल्यांत गाडी अडकते, तेव्हा शेवटचा टप्पा पायीच धरा आणि त्या हिशेबाने माणसं ठेवा.

प्रश्न: कपड्यांच्या दुकानात बिल करताना आम्ही मोबाईल नंबर घेतो, म्हणजे वाढदिवसाला शुभेच्छा आणि सवलत पाठवता येते. हल्ली बरेच जण नंबर द्यायला कां-कूं करतात. काय करावं? (बोरिवली)

नंबर मागणं थांबवा. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेच व्यापाऱ्यांना सांगितलं आहे, की बिल देण्यासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नये. वाढदिवसाला दहा दुकानांचे संदेश येतात आणि सगळे न वाचता पुसले जातात. कपडा अल्टरेशनला ठेवला असेल तेव्हा नंबर घ्या, कारण सांगून घ्या, आणि त्याच कामासाठी एकदाच वापरा. ‘तुमची पँट तयार आहे, रात्री नऊपर्यंत दुकान उघडं आहे’ हा संदेश मात्र माणूस वाचतो.

प्रश्न: विलेपार्ल्यात आमचं पोळीभाजी केंद्र आहे. निम्मी गिऱ्हाईकं एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक. चवीबद्दल सगळे चांगलं म्हणतात, पण महिना-दोन महिन्यांत डबा बंद करतात. कारण विचारलं तर ‘काही नाही हो, असंच’ म्हणतात.

ज्येष्ठ माणूस तक्रार करत नाही, कारण त्याला तुमच्या माणसाचं मन दुखवायचं नसतं आणि आपण अडचणीचे झालो असं वाटून घ्यायचं नसतं. तेव्हा कारण विचारण्यापेक्षा डबा त्यांच्या हातांनी उघडून पाहा. खरोखर पाहा: हाताला तेल लावा, अंगठा न वापरता झाकण काढायचा प्रयत्न करा. संधिवात झालेल्या बोटांना घट्ट बसणारं झाकण उघडत नाही. चमच्याने उचकटताना आमटी सांडते, ओटा पुसावा लागतो, आणि वाकून पुसणं हेच त्यांना नको असतं. कान असलेलं किंवा फिरकीचं झाकण घ्या. आमटी काठापासून बोटभर खाली भरा आणि झाकण लावण्याआधी दोन मिनिटं वाफ जाऊ द्या. कोंडलेली वाफच झाकण उचलते आणि गळती सुरू होते.

पोळी दातांना लागते का, हे त्यांच्या डब्याच्या दृष्टीने बघा. तुमच्याकडे तव्यावरून उतरलेली पोळी मऊच असते. प्रश्न दीड तासानंतरचा आहे. कणीक सैलसर आणि किमान 20-30 मिनिटं झाकून ठेवलेली हवी. तवा पुरेसा तापलेला हवा, कारण मंद तव्यावर पोळी भाजायला वेळ लागतो, तेवढ्यात तिच्यातलं पाणी उडतं आणि ती कडक होते. उतरवल्यावर मिनिटभर जाळीवर ठेवून मग सुती कापडात गुंडाळा. गरमागरम पोळ्या थेट फॉईलमध्ये बांधल्या की खालच्या दोन ओल्या आणि कडा चिवट, असं होतं.

डब्यावरचं लेबल मोठ्या, काळ्या अक्षरांत आणि मराठीत: वार, भाजीचं नाव, ‘शेंगदाण्याचं कूट आहे’ किंवा ‘मीठ कमी’. भाजी-आमटी कधीपर्यंत खावी हेही लिहा. जेवण 60 अंश सेल्सिअसच्या खाली आणि 5 अंशांच्या वर फार वेळ राहिलं की त्यात जंतू वाढतात. मुंबईच्या दमट हवेत दुपारी बाराला आलेली आमटी रात्रीसाठी बाहेर ठेवायची नाही. एकटा माणूस अर्धी भाजी रात्रीसाठी ठेवतोच. ‘उरलेलं लगेच फ्रिजमध्ये’ एवढं झाकणावर असू द्या.

एकादशी, संकष्टी, चातुर्मासातला कांदा-लसूण, हे सगळं पहिल्याच दिवशी विचारून घराच्या नावासमोर लिहा. कुणाला भात नको, कुणाला मधुमेह, कुणाच्या घरी दुपारी एक ते तीन बेल वाजवायची नाही. ही माहिती डबा पोचवणाऱ्या मुलाच्या डोक्यात राहू देऊ नका. तो गावी गेला की ती त्याच्याबरोबर जाते. मुंबईचे डबेवाले 1890 पासून हे जाणतात. त्यांच्या डब्याच्या झाकणावर रंगाने आणि अक्षर-आकड्यांनी स्टेशन, इमारत, मजला लिहिलेला असतो, म्हणून वाटेत चार हात बदलले तरी डबा चुकत नाही. तुम्हीही झाकणावर तीन ठिपक्यांची पद्धत सुरू करा: लाल म्हणजे मीठ कमी, हिरवा म्हणजे कांदा-लसूण नाही, निळा म्हणजे बेल वाजवू नका, दाराच्या कडीला अडकवा.

आणखी एक. एखाद्या दिवशी डबा दारालाच लटकलेला दिसला, तर मुलाने लगेच केंद्रात फोन करायचा आणि केंद्राने घरच्यांनी दिलेल्या दुसऱ्या नंबरवर. हा नंबर पहिल्या दिवशीच मागून ठेवा. पार्ल्यातल्या ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांच्या दृष्टीने तुमच्या डब्याचं मोल भाजीपेक्षा यात जास्त आहे.

प्रश्न: मुलुंडला माझा दातांचा दवाखाना आहे. वेळ घेऊनही पेशंटना चाळीस-पन्नास मिनिटं थांबावं लागतं. रिसेप्शनवरची मुलगी सगळ्यांना ‘पाचच मिनिटं’ म्हणते. लोक चिडतात.

चाळीस मिनिटांचा राग नसतो, आठ वेळा ऐकलेल्या ‘पाचच मिनिटं’चा असतो. रिसेप्शनला दोन वाक्यं द्या: ‘तुमच्या आधी दोघे आहेत’ आणि ‘साधारण अर्धा तास लागेल, खाली चहा घेऊन आलात तरी चालेल, पुढचा नंबर आला की फोन करते.’ मग दर 20 मिनिटांनी, कुणी विचारण्याआधी, नवा अंदाज सांगायचा. अंदाज चुकला तरी चालतो, गप्प बसलेलं चालत नाही.

वेळापत्रकच दुरुस्त करायचं असेल, तर दोन आठवडे प्रत्येक कामाला लागलेला खरा वेळ लिहून काढा. रूट कॅनलची एक बैठक तुम्ही अर्धा तास धरत असाल आणि लागत पाऊण तास असेल, तर दुपारी चारपर्यंत तासभर मागे पडणारच. दर तीन पेशंटनंतर 15 मिनिटं मोकळी ठेवा. दुखत असलेला माणूस वेळ न घेता येतो, त्याची ती जागा.

रिसेप्शनवर मोठ्याने ‘काय त्रास आहे?’ विचारू नये. बाकावर सहा जण ऐकत असतात आणि कवळीबद्दल कुणाला चारचौघांत बोलायचं नसतं. कागद-पेन द्या.

दात काढल्यानंतरच्या सूचना तोंडी दिल्या तर भूल दिलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाहीत. मराठीत, मोठ्या अक्षरांत छापून द्या: कापसाचा बोळा 30 ते 45 मिनिटं दाबून धरा, 24 तास जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका, सिगारेट-तंबाखू नको, त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. कारणही लिहा, की जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निघून गेली तर दुखणं वाढतं. कारण कळलं की माणूस पथ्य पाळतो. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून एक फोन जाऊ द्या. त्यात पुढच्या अपॉइंटमेंटचा विषय काढू नका. रक्त थांबलं का, सूज कशी आहे, जेवलात का, इतकंच.

प्रश्न: चेंबूरला मिठाईचं दुकान आहे. दिवाळीत गिऱ्हाईकांना छोटी भेटवस्तू द्यावी का?

आधी खोक्याचं वजन कापा. रिकामा खोका काट्यावर ठेवून शून्य करा, काट्याचा आकडा गिऱ्हाईकाला दिसेल असा वळवा, मग मिठाई भरा. खोका 80 ग्रॅमचा आणि मिठाई 800 रुपये किलो धरली, तर खोक्यासकट वजन केल्याने तुम्ही 64 रुपये पुठ्ठ्याचे घेता, आणि हे कायद्यातही बसत नाही. सुट्या मिठाईच्या ट्रेपाशी ‘किती तारखेपर्यंत खावी’ हे लिहिणं 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे. तीच तारीख खोक्यावरही हाताने टाका, कारण मिठाई भेट म्हणून तिसऱ्या घरी जाते आणि तिथे तुमचा ट्रे नसतो. भेटवस्तूवर खर्च करायचाच असेल, तर तो खोक्याच्या पक्क्या दोरीवर करा.

प्रश्न: दादरला साड्यांचं दुकान आहे. बायका तासभर साड्या उघडायला लावतात आणि न घेता जातात. घेतलेल्यांपैकीही काही जणी ‘घरी रंग वेगळा दिसला’ म्हणून बदलायला येतात.

दुसरी तक्रार आधी घेऊ, कारण तिचं उत्तर तुमच्या छतावर आहे. थंड पांढऱ्या झगमगीत उजेडात साडीची जर चकाकते आणि लाल, जांभळा, राणी हे रंग वेगळे दिसतात. काउंटरच्या एका टोकाला दिवसाच्या उजेडाजवळ जाणारे, रंग खरे दाखवणारे दिवे लावा. दिव्याच्या वेष्टनावर रंगदर्शकांक (CRI) 90 किंवा जास्त असा पाहून घ्या. शेजारी पिवळसर, कार्यालयातल्यासारखा एक दिवा ठेवा. साडी पसंत पडत आली, की दोन्ही उजेडांत दाखवायची आणि शक्य असेल तर दारातही. धूपछाव साडी तर फिरवून दाखवल्याशिवाय विकूच नये. बदलायला येणाऱ्या साड्या यानेच कमी होतील.

तासभराच्या तक्रारीवर: साड्यांचा ढीग वाढला की निवड सोपी होत नाही, अवघड होते. साडी उघडण्याआधी तीन गोष्टी विचारा: कुठे नेसायची, कोणते रंग घरात आधीच आहेत, आणि किती रुपयांपर्यंत. तिसरा प्रश्न मालकाने हळू आवाजात विचारावा. बरोबर सासू किंवा नणंद असते. मग पाच दाखवा. सहावी उघडताना पाचातली एक नको म्हणून बाजूला काढा, म्हणजे समोर नेहमी पाचच राहतील. आवडलेल्या दोन खांद्यावर टाकून, पूर्ण उंचीच्या आरशात. तिने फोटो काढला तर काढू द्या. तो घरी पाठवला जातो आणि होकार बहुतेक वेळा तिथूनच येतो.

बरोबर आलेल्या पुरुषांना आणि आजींना पाठ असलेली खुर्ची द्या. ज्यांच्या पायांना कळ लागते, तेच ‘चला आता’ म्हणतात.

शेवटी पिशवी. तुमचं गिऱ्हाईक संध्याकाळी सहाला दादर स्टेशनच्या पुलावरून जाणार आहे. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे, म्हणून बरेच जण पातळ कागदी पिशवी देतात आणि तिचा बंद गर्दीत तुटतो. जाड कापडाची, खांद्याला अडकेल एवढ्या लांब बंदांची, वरून चेन असलेली पिशवी द्या. पावसाळ्यात साडी आधी चेनच्या कव्हरमध्ये. पावती पिशवीत टाकू नका, हातात द्या. पर्समध्ये गेलेली पावती सापडते.

प्रश्न: परळला आमची खानावळ आहे. मी गल्ल्यावर असतो तेव्हा सगळं नीट चालतं. मी नसलो की तक्रारी. कामगार चांगले आहेत, पण लक्ष नसतं.

लक्ष नसतं असं म्हणू नका, कुठे द्यायचं ते त्यांना माहीत नसतं. तुम्ही गल्ल्यावरून नजरेने जे टिपता, ते कागदावर नाही. एक दिवस प्रत्येक टेबलाच्या प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसा आणि तिथून काय दिसतं ते लिहा. एका खुर्चीवरून भांडी घासायची मोरी दिसते, एकीवर पंख्याचा वारा पोचत नाही, एक टेबल डुगडुगतं. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली घडी केलेला कागद नको, पायाला रबरी बूच लावा. तीस रुपयांचं काम आहे.

मग सात ओळींची यादी करून स्वयंपाकघराच्या दारावर लावा, आणि ती अकराच्या आधी एका ठरावीक माणसाने खुणा करून पुरी करायची. हात धुवायच्या बेसिनपाशी साबण आणि कोरडा नॅपकिन. पाण्याच्या ग्लासांना बोटांचे ठसे नाहीत. लोणचं-मिठाच्या वाट्यांच्या कडा पुसलेल्या. संपलेल्या भाजीवर फळ्यावर लगेच काट. सुटे पैसे: दहाच्या वीस नोटा, पाचची पन्नास नाणी. बाकीच्या दोन ओळी तुमच्या खानावळीत ज्या तक्रारी जास्त येतात त्यांच्या. सातहून जास्त लिहू नका, मग कुणी वाचत नाही आणि खुणा नुसत्याच ओढल्या जातात.

वाढणाऱ्यांना सांगा: टेबलावर लहान मूल असेल तर त्याचं ताट आधी, आणि त्यातली आमटी वेगळ्या वाटीत, कमी तिखट. ‘अजून काही?’ असं विचारू नये, त्याला सगळे ‘नको’ म्हणतात. हातात गरम पोळी घेऊन ‘एक देऊ?’ विचारावं. एकट्याने जेवणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून बसवू नये. बिल मागितल्यावर दोन मिनिटांत यायला हवं. जेवण कितीही आवडलं तरी ऑफिसला परत जायची घाई असलेला माणूस बिलासाठी ताटकळलेलंच लक्षात ठेवतो.

आणि प्रत्येक वाढप्याला 100 रुपयांपर्यंतचा निर्णय तुम्हाला न विचारता घेऊ द्या. भाजीत केस निघाला, सोलकढी आंबट झाली, ताट उशिरा आलं, तर त्याने जागेवरच ताट बदलावं किंवा तेवढी रक्कम बिलातून कमी करावी, आणि गल्ल्याजवळच्या वहीत वेळ, टेबल, कारण, रुपये अशी एक ओळ लिहावी. वहीतल्या रकमेबद्दल पहिले दोन महिने कुणालाही बोलू नका, नाहीतर ओळी लिहिल्या जाणार नाहीत. दर सोमवारी दुपारी चारला, गर्दी ओसरल्यावर, सगळ्यांनी बसून ती वही वाचायची. एकच कारण तीनदा आलं असेल, तर दारावरच्या सात ओळींतली एक खोडून तिच्या जागी ते लिहा.